डोहणीची उसनी दुपार

आमच्या गावाला स्वतःची दुपार नाही. सकाळ आहे, संध्याकाळ आहे, रात्रही ज्याच्या त्याच्या वाट्याला येते तेवढी आहे. पण मधली दुपार आम्ही वरच्या माळटेक गावातून उसनी आणतो.

डोहणी खोलगटात बसलेलं गाव, आणि माळटेक उघड्या माळावर. त्यांच्याकडे दुपार इतकी, की चैत्र-वैशाखात ती उंबऱ्यावरून उतू जाते. माझं माहेर माळटेकचं, म्हणून मला ठाऊक आहे. आम्ही पोरी चिंचेखाली सागरगोटे खेळायचो, डावावर डाव संपायचे, दुपार काही संपायची नाही. शेवटी आई दारातून ओरडायची, "पुरे झाली आता ती, आत या."

माझं लग्न ठरलं तेव्हा आईने हुंड्याचं नाही, मानपानाचं नाही, एवढंच विचारलं होतं, "पोरीला दुपार मिळेल ना?" सासरकडच्यांनी सांगितलं, "पंचायत आणते की. रोज टेम्पोने येते." ते खोटं नव्हतं. सकाळची कामं उरकत आली की टेम्पो यायचा. मागे तांब्याचे हंडे, तोंडाला ओलं गोणपाट बांधलेलं. पंचायतीचे शिपाई सोपानदादा मारुतीच्या पारावर एकेक हंडा हळूहळू कलता करायचे. दुपार आधी पारावर पसरायची, मग गल्लीगल्लीने सरकायची, मग पत्र्यांवर चढायची. कल्हई गेलेल्या हंड्यातली दुपार जरा कळकलेली यायची, तेव्हा बायका सोपानदादांना बोलायच्या. ते म्हणायचे, "मी काय करू? कल्हईवाला पण दुपारचाच येतो."

दुपार पायलीच्या मापाने येते. फेड आम्ही संध्याकाळने करतो, कारण आमच्या खोलगटात संध्याकाळ भरपूर साचते आणि माळटेकच्या लोकांना लग्नकार्याला गार संध्याकाळ लागते. मागे एका ग्रामसभेत कोणी तरी म्हणालं, की असंच घेत राहिलो तर एक दिवस फेडायला संध्याकाळ उरणार नाही, तेव्हा उसनवारीला मर्यादा घालावी. घातली. ती भरत आली की दर वर्षी ग्रामसभा वाढवून देते. माळटेकने कधी मर्यादा मागितली नव्हती. वाढवली की नाही हेही ते विचारत नाहीत. ती आमची आम्हीच घातलेली आहे.

यंदा ती लवकर भरत आली, आणि यंदाच पंचायतीची निवडणूक तोंडावर आली.

आमच्या गावात दोन पॅनेल आहेत. एकाची निशाणी कपबशी, दुसऱ्याची शिट्टी. कपबशीचे पुढारी सरपंच रंगनाथ खैरमोडे, सगळे त्यांना नाना म्हणतात. शिट्टीचे हौसेराव ढवण, म्हणजे आबा. दोघे एकमेकांचे व्याही. नानांची लेक आबांची सून आहे, आणि तिच्या पोराचं जावळ दोघांनी मिळून काढलं होतं. त्यामुळे भांडण असलं तरी ते मानपान सांभाळून असतं.

माझ्या घरातही दोन्ही निशाण्या आहेत. आमचे हे कपबशीत, आणि सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या शिट्टीत. मी कोणत्याच पॅनेलमध्ये नाही. मला राही आहे.

राही आठ महिन्यांची आहे. ती फक्त दुपारी झोपते. रात्री डोळा लागला की पाल चुकचुकली तरी उठते, पहाटे तर झोपेचं नावच नाही. पण दुपारी झोळीत घातली, दोरीला दोन झोके दिले, की मूठ उघडते आणि ती झोपते. मग मी वाकून बघते, श्वास चालू आहे ना. परत जाऊन बसते. परत येऊन बघते. अंगणवाडीताईंनी तिला काट्यावर ठेवून सांगितलं होतं, "वजन कमी पडतंय हो. दुपारची झोप अजिबात मोडू नका. बाळं दुपारी वाढतात." तेव्हापासून मर्यादा भरत आल्याचं ज्या कोणाच्या तोंडून ऐकायची, त्याचं उरलेलं बोलणं मला ऐकूच यायचं नाही.

ग्रामसभा पंचायतीच्या शेडमध्ये भरली. ग्रामसेवक कुलथे, त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो, चष्मा पुसून उभे राहिले.

"विषय पहिला. उसन्या दुपारची मर्यादा वाढवणे. कोणाला काही हरकत?"

कोणाला नव्हती. दोन्ही पॅनेल म्हणाली, वाढवायलाच पाहिजे.

"छान. मग सूचक कोण?"

सूचक म्हणजे ठराव मांडणारा, आणि त्याला पाठिंबा देणारा तो अनुमोदक. सूचकाचं नाव पंचायतीच्या फळ्यावर वर्षभर राहतं. अनुमोदकाचं पुसलं जातं.

नाना म्हणाले, "आबा मांडतील. विरोधी बाजूनं मांडलं की सभेची शोभा वाढते."

"शोभा तुम्हीच वाढवा," आबा म्हणाले. "सरपंच तुम्ही. आम्ही अनुमोदन देतो. दोन्ही हात वर करून देतो."

"एका माणसाचे दोन हात धरले जात नाहीत," भाऊसाहेब म्हणाले.

"म्हणजे मी मांडायचं," नाना म्हणाले, "आणि उद्या तुम्ही शिट्ट्या मारत गावभर फिरायचं, की नानानं गाव उसनवारीत बुडवलं."

"आणि मी मांडलं तर तुम्ही कपबशी वाजवत फिराल."

"कपबशी वाजत नाही, व्याही."

"फुटल्यावर वाजते की."

शेडमध्ये हशा झाला. नानाही हसले. मग भाऊसाहेबांनी परत विचारलं, सूचक कोण, आणि सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले.

मी मागे बायकांत बसले होते, राही मांडीवर. मला राहवलं नाही. मी उठले. "मी मांडते."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तुमचं घर कोणत्या बाजूचं?"

"दोन्ही बाजूंचं."

"मग नाही धरता येणार, वहिनी. सूचक एका बाजूचा लागतो. तो कोणत्याच बाजूचा नसला तर अनुमोदन दुसऱ्या बाजूचं आहे हे ठरवायचं कसं?"

मला त्यात चूक काढता आली नाही. मी खाली बसले. सभा तहकूब झाली.

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही तर एका बाजूचे आहात ना. मांडा की."

"मी कसा मांडू? आमच्या पॅनेलचं ठरलंय, मांडायचं नाही."

"म्हणजे वाढवायला विरोध आहे?"

"छे! विरोध कशाला? वाढलीच पाहिजे."

चुलीपुढून आत्याबाई म्हणाल्या, "आमचंबी तेच हाये. वाढलीच पाहिजे."

"मग अडलंय कुठं?"

दोघंही माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मी वरणात साखर घातली होती. त्या एका गोष्टीत तेवढं माझ्या घरात एकमत होतं.

पुढच्या सभांतही तेच झालं. एका सभेत नाना म्हणाले, आबांनी मांडलं तर आपण त्यांना फेटा बांधू. आबा म्हणाले, फेटा आमच्याकडून, बसा डोकं पुढं करून. मर्यादा भरायला फार थोडं राहिलं तेव्हा मला वाटलं, आता कोणी तरी घाबरेल. पण दोघेही दुसऱ्याच्या घाबरण्याची वाट बघत निवांत तंबाखू मळत होते. दोघांचंही म्हणणं होतं, की शेवटच्या क्षणी व्याही मोडेल, त्याचा स्वभाव मला माहीत आहे.

शेवटचा टेम्पो आला त्या दिवशी सोपानदादांनी हंडा उपडा केला, तळावर थापटी मारली, आणि आत हात घालून कडेला राहिलेली दुपारसुद्धा बोटाने पुसून घेतली. ती त्यांनी माझ्या दारात झटकली.

"संपली गं बाय," ते म्हणाले. "उद्यापासून मर्यादा."

दुसऱ्या दिवशी सकाळ झाली, चांगली झाली. मी पाणी भरलं, भाकरी थापल्या, राहीला न्हाऊ घातलं. धुणं दोरीवर टाकून चिमटे लावत होते, शेवटचा चिमटा लावायच्या आत दिवेलागण झाली. मधे काहीच नव्हतं. रानात गेलेली गुरं गवताला तोंड लावतात न लावतात तोच माघारी वळली. ती गोठ्यात येऊन उभी राहिली, चारा न खाता एकमेकांकडे बघत. शाळेत मधली सुट्टी होईना, म्हणून गुरुजींनी सरळ शाळाच सोडली. पोरं आनंदाने ओरडत आली आणि अंधार बघून गप्प झाली. आत्याबाईंनी दुपारची भाकरी फडक्यात बांधून हातात धरली होती. "ही आता कवा खायाची?" त्यांनी विचारलं. सकाळची न्याहारी नुकतीच झाली होती आणि रात्रीचा स्वयंपाक चुलीवर होता.

राहीने डोळे चोळले. मी झोळीत घातली, झोका दिला. ती झोपली नाही. मान वळवून दाराकडे बघत राहिली, जणू कोणी तरी यायचं राहिलंय. मग रडायला लागली. मोठ्याने नाही, बारीक, दमलेल्या माणसासारखी.

गावाने दुसऱ्या दिवशी दोन्ही पुढाऱ्यांची भाषणं ऐकली. नाना सकाळी माईकवर म्हणाले, विरोधकांनी गावाची दुपार घालवली. आबा संध्याकाळी माईकवर म्हणाले, सरपंचांनी गावाची दुपार घालवली. एकमेकांना उत्तर द्यायला मधे वेळच उरला नव्हता, त्यामुळे दोन्ही भाषणं बिनविरोध झाली.

माळटेकच्या सरपंचांनी निरोप पाठवला, "दुपार पडून आहे, न्या की." सोपानदादा रिकामा टेम्पो धुऊन परत उभा करत होते. "न्यायला काय, कवाबी नेऊ," ते म्हणाले. "पण मर्यादा हाये."

आता खरं तर दोन्ही पॅनेल मनातून घाबरली होती. कपबशीच्या मिरच्या ओल्या होत्या आणि शिट्टीचा हरभरा. नवी ग्रामसभा लावायचं ठरलं. भाऊसाहेबांनी नोटीस काढली, ती पारावर मी बायकांना वाचून दाखवली: सर्व ग्रामस्थांनी दुपारी तीन वाजता उपस्थित राहावे. मग शेजारच्या कांताकाकी म्हणाल्या, "पर तीन वाजतात कुठं आता?"

आम्ही भाऊसाहेबांकडे गेलो. त्यांनी नोटीस स्वतः परत वाचली. चेहरा पडला.

"ग्रामसभा दुपारीच घ्यायची असते," ते म्हणाले. "सकाळी लोक कामावर असतात आणि संध्याकाळी सभा धरली जात नाही."

"मग मर्यादा वाढवायची कशी?"

"सभेत."

"आणि सभा घ्यायची कधी?"

"दुपारी." भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "बसा ना. मी चहा सांगतो."

चहा आला, पण तो कधी प्यायचा हे कोणाला कळेना.

राहीचे न झोपता दिवसामागून दिवस चालले होते. तिचे डोळे मोठे दिसायला लागले. दंडावर काळा दोरा होता तो सैल झाला, की मलाच तसं वाटत होतं, मला सांगता येईना. मी तो बोटाने फिरवून फिरवून बघायची. हे म्हणायचे, "अगं, काही होत नाही." आणि मग स्वतःच येऊन दोरा फिरवून बघायचे. शेवटी मी माहेरी वहिनीला फोन लावला.

"वन्सं, रडताय का काय?"

"राही झोपत नाही गं. दुपारच नाही गावात."

"अगं बाई!" वहिनी म्हणाली. "इथं परसात ढीग लागलाय. मी काल दोनदा झाडून काढली. थांबा, येते."

वहिनी सकाळी स्कूटीवर आली. पुढे पाय ठेवायच्या जागी पितळी डबा, धुवट फडक्यात बांधलेला. आम्ही मधल्या खोलीच्या दारंखिडक्या लावल्या. वहिनीने झाकण अगदी थोडं किलकिलं केलं.

दुपार बाहेर आली. माहेरचीच होती, मी वासावरून ओळखली. तापलेल्या पत्र्याचा वास, आणि चिंचेचा. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. कुठून तरी एक माशी आली आणि घोंगावायला लागली. दाराबाहेर अंगणात आत्याबाई दिवा लावत होत्या, आणि आत खोलीत दुपार होती. राहीने जांभई दिली. मी झोळीचा दुसरा झोका द्यायच्या आत तिची मूठ उघडली.

मी वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. वहिनी हळू आवाजात म्हणाली, "पुरवून पुरवून वापरा. आठवडाभर जाईल. आणि परत द्यायचं काय नाही हं. उसनं नाही हे. माहेरची शिदोरी आहे."

दुपार दाराच्या फटीखालून थोडी बाहेर जायचीच. अंगणातल्या अंधारात तिची एक पिवळी पट्टी पडायची. पहिल्या दिवशी त्या पट्टीवर कांताकाकींच्या कोंबड्या येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी कांताकाकी स्वतः सुपात ओल्या मिरच्या घेऊन आल्या. "जरा कडंला ठिवते," म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी नाना, आबा आणि भाऊसाहेब एकत्र आले. आत्याबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि पाणी दिलं. वहिनी अजून राहिली होती, ती मधल्या खोलीच्या दारात हात लावून उभी राहिली.

नाना खाकरले. "पोरी, तुझ्याकडं दुपार हाये म्हणं."

"आहे. माहेरची आहे."

"मर्यादा भरलेली असताना गावात उसनी दुपार आली," नाना म्हणाले, "म्हंजे भाऊसाहेब, ह्यो मर्यादेचा भंग झाला का नाही?"

"उसनी नाही ती," वहिनी म्हणाली. "शिदोरी आहे. शिदोरी कधी कोणी परत मागितली आहे का?"

भाऊसाहेबांनी बराच विचार केला. डोळे मिटून, ओठ हलवत. मग म्हणाले, "शिदोरीला मर्यादा लागू नाही."

"झालं तर," आबा पुढे सरकले. "मग ती शिदोरी पोरीनं सभेला द्यावी. शेडमधी डबा उघडू, तीन वाजवू, सभा घेऊ. गावाचं काम हाये."

मी डब्याकडे बघितलं. फडकं सैल झालं होतं. फटीखालून गळून गळून आत उरलेली दुपार एका सभेपुरती होती, फार तर. ती शेडमध्ये उघडली, आणि तिथे परत सूचक कोण, सूचक कोण करत संपली, तर गाव होतं तिथेच राहणार होतं आणि माझ्या राहीला उद्या काही उरणार नव्हतं. आणि नाही म्हटलं, तर ती परवा संपणारच होती. मी उंबऱ्यावर बसले.

"डबा घराबाहेर जाणार नाही," मी म्हटलं. "सभा इथं घ्या. मधल्या खोलीत."

"इथं? घरात?" नाना म्हणाले.

"राही झोपलेली असेल. ती झोपली की सभा सुरू करा. कोणी आवाज काढला आणि ती उठली, तर मी डब्याला झाकण लावीन. मग तीनही नाहीत आणि सभाही नाही."

"आन् माईक?"

"माईक नाही."

"मग बोलायचं कसं?"

"कुजबुजत."

आबांचा आवाज गावात सगळ्यात मोठा. शिट्टी निशाणी त्यांना त्यासाठीच मिळाली असं लोक म्हणतात. ते म्हणाले, "पोरी, मी जन्मात कवा कुजबुजलो नाही."

"मग शिका आता," आत्याबाई म्हणाल्या. त्या त्यांच्याच पॅनेलच्या, म्हणून त्यांना बोलता येत होतं. "आजा झालात. घरी नातवाला झोपवता तवा काय बोंबलता व्हय?"

नानांना हसू आलं. "झोपवत्यात. म्या बघितलंय. मांडीवर घिऊन गाणंबी म्हणत्यात."

"व्याही!" आबा म्हणाले, पण हळू.

भाऊसाहेबांनी नोटिशीत जागा बदलून लिहिली आणि सभा ठरली.

सकाळ सरत आली तशी माणसं आली. चपला पार गल्लीच्या तोंडाशी काढल्या, कारण आमच्या अंगणात फरशी आहे आणि ती वाजते. बायकांनी जोडवी पदराच्या टोकाला बांधली आणि बांगड्या कोपरापर्यंत वर चढवल्या. कपबशी आणि शिट्टी वेगळी बसायला जागाच नव्हती, जो जिथे मावला तिथे बसला. नाना आणि आबा झोळीखाली गुडघ्याला गुडघा लावून बसले. सोपानदादांना खोकला आहे, त्यांनी मफलर तोंडात धरला. वहिनीने झाकण उघडलं, सगळं. दुपार भिंतीपर्यंत गेली. राहीने सगळ्यांकडे एकदा बघितलं, इतकी माणसं बघून रडेल असं मला वाटलं. पण तिने आबांच्या मिशा बघितल्या, जांभई दिली आणि झोपली.

घड्याळात तीन वाजले. भाऊसाहेब कुजबुजले, "विषय पहिला."

कुजबुजत भाषण करता येत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. एक तरुण पोरगा 'निषेध' म्हणाला. शेजारच्याने कान पुढे केला, "काय?" तो परत म्हणाला. "काय?" तिसऱ्यांदा त्याने हात हलवला, राहू दे. कोणी तरी मागच्या वर्षीचा विषय काढला, तो चार माणसं पुढे जाईपर्यंत गव्हाच्या भावाचा झाला आणि तिथेच विरला.

"सूचक कोण?" भाऊसाहेब कुजबुजले.

झोळीची दोरी माझ्या हातात होती. माशीही भिंतीवर बसली होती. मग झोळीच्या खालून कुठून तरी आवाज आला, "मांडतो."

भाऊसाहेबांनी मान उंचावली. "कोण?"

कोणी बोललं नाही.

"परत म्हणा."

"नको," पाच-सहा बायका एकदम कुजबुजल्या. "उठेल ती."

मी सगळ्यात जवळ होते. मला एवढंच सांगता येईल, की आवाज नाना आणि आबांच्या मधून आला. कुजबुजताना दोघे अगदी सारखे लागतात. दोघेही वर झोळीकडे बघत होते. ह्यांनी मला डोळ्याने विचारलं, कोण होतं, मी मानेने सांगितलं, माहीत नाही. आणि ते खरं होतं.

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग अगदी हळू म्हणाले, "आवाज कोणत्या बाजूचा ते ओळखू आलं नाही. पण मांडतो म्हणाला, म्हणजे कोणत्या तरी एका बाजूचा आहे. नियमाला एक बाजू लागते. कोणती, असं नियमात नाही." आणि त्यांनी फळ्यासाठी लिहिलं: सूचक, एक आवाज. "अनुमोदन?"

नानांनी दोन्ही हात वर केले. आबांनी दोन्ही हात वर केले. भाऊसाहेबांनी दोघांचा एकेकच धरला.

ठराव झाला. टाळ्या वाजवायच्या म्हणून लोकांनी हात वर नेले आणि तसेच खाली घेतले. सोपानदादा मफलर तोंडात धरूनच मागच्या दाराने टेम्पोकडे पळाले.

"एक राहिलं," भाऊसाहेब कुजबुजले. "नवी मर्यादा किती?"

हा प्रश्न शेडमध्ये निघाला असता तर त्यावर डोकी फुटली असती. इथे सगळे गप्प बसले. मग आत्याबाई म्हणाल्या, "हिची झोप पुरती होईल इतकी."

"इतकी म्हणजे किती पायली?"

"ते ती उठल्यावर कळंल."

भाऊसाहेबांनी नानांकडे बघितलं, नानांनी आबांकडे. विरोध करायचा तर बोलावं लागलं असतं. भाऊसाहेबांनी आकड्याची जागा कोरी ठेवली. राही उठेपर्यंत जेवढे हंडे गावात ओतले जातील, तेवढी मर्यादा, असं ठरलं, आणि कोणी जागचं हलू नये असंही ठरलं, कारण फरशी वाजते.

माझे हात भरून आले होते. आबांनी ते बघितलं असावं. त्यांनी काही न बोलता माझ्या हातातून दोरी घेतली. चांगला झोका दिला त्यांनी, लांब आणि एकसारखा.

थोड्या वेळाने पारावर पहिला हंडा कलता झाल्याचं कळलं. खिडकीच्या फटीतून दुपार आत आली आणि डब्यातल्या दुपारला मिळाली. वहिनीने रिकामा डबा फडक्याने पुसून ठेवला. बाहेर कोणाचा तरी पत्रा तडतडला, गुरं हंबरली, पण लांब. सोपानदादा एकेका हंड्यामागे दारात येऊन बोट वर करतात आणि भाऊसाहेब एक रेघ ओढतात. गावातली उरलेली माणसंही दबक्या पावलांनी येऊन अंगणात बसली आहेत, दोन्ही निशाण्यांची, आणि जो बोलू पाहील त्याला दुसरा तोंडावर बोट ठेवून दाखवतो. मिरच्या वाळत आहेत म्हणे. कांताकाकी खुणेने तसं सांगून गेल्या.

आबांचा हात दुखला तेव्हा नानांनी दोरी घेतली, झोळी मधे थांबू न देता. मघाशी राही चाळवली. सगळ्या खोलीने श्वास रोखला. तिने कूस बदलली, ओठ हलवले आणि परत झोपली, आणि भाऊसाहेबांनी आणखी एक रेघ ओढली. आत्याबाईंनी भिंतीशी वाकळ पसरली आहे आणि मला खुणेने म्हणतात, तूही पड घटकाभर, हे बघतील तिच्याकडे. मी पडते आहे. माळटेकला आणखी हंडे पाठवायचा निरोप गेला आहे.